नवा स्टीम बॉयलर बसवला आणि पाइप ठोकायला लागले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, बॉस्टन, फिलाडेल्फिया या पट्ट्यात आपल्यापैकी ज्यांनी दुसऱ्या महायुद्धाआधी बांधलेली घरं घेतली, त्यांच्या पदरात घराबरोबर ओतीव लोखंडाचे रेडिएटर आणि बेसमेंटमधला वाफेचा बॉयलरही पडतो. आपल्याकडे आजोळी तांब्याचा बंब होता, पण बंबाचं ज्ञान इथे कामाला येत नाही. माझं घर १९२६ सालचं. बॉयलर बदलला त्यानंतरचे दोन हिवाळे मी हातात टॉर्च आणि लेव्हल घेऊन बेसमेंटमध्ये काढले. मी प्लंबर नाही. पण ओळखीतल्यांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

माझ्या घरी वाफ आहे की गरम पाणी, हे कसं ओळखायचं?

बॉयलरच्या अंगावर काचेची उभी नळी असेल आणि ती साधारण अर्धी पाण्याने भरलेली दिसत असेल, तर वाफ. रेडिएटरला एकच जाड पाइप आणि समोरच्या टोकाला फुसफुसणारी छोटी चकचकीत कुपी असेल, तर ती एक-पाइप व्यवस्था. त्या कुपीला एअर व्हेंट म्हणतात. इथे वाफ ज्या पाइपाने वर जाते, त्याच पाइपाने तिचं पाणी होऊन खाली येतं. दोन पाइप असतील तर एकाने वाफ जाते, दुसऱ्याने पाणी परततं. खाली लिहिलंय ते मुख्यतः एक-पाइप घरांना धरून आहे, कारण ओळखीतल्या बहुतेकांकडे तीच आहे.

जुना बॉयलर इतकी वर्षं गप्प होता. नवा लावल्यापासून हातोडा मारल्यासारखे आवाज येतात. बॉयलर खराब निघाला का?

बहुधा नाही. बॉयलरच्या भोवतीचे पाइप चुकले असतात.

जुना बॉयलर म्हणजे हत्ती. पोटात पाणी भरपूर आणि पाण्याच्या वर वाफेला जागाही ऐसपैस. वाफेबरोबर उडालेले थेंब तिथेच खाली बसायचे आणि वर कोरडी वाफ जायची. नवे बॉयलर आटोपशीर असतात. वाफ निमुळत्या तोंडातून जोरात निघते आणि जाताना पाणी ओढून नेते. ते पाणी वेगळं काढायचं काम आता बाहेरच्या पाइपांवर आलंय. म्हणजे बॉयलरच्या लगतचे पाच-सहा फूट पाइप हा बॉयलरचाच अवयव आहे. प्लंबर मात्र बरेचदा जुनी जोडणी बघतो आणि मिळतील त्या एल्बोंनी, म्हणजे काटकोनी वळणाच्या सांध्यांनी, नवं पेटारं तिला डकवून देतो.

आवाज का होतो? पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १७०० पट वाढतं. तीच वाफ पाइपात साचलेल्या थंड पाण्याला भेटली की क्षणात आकसते, तिथे पोकळी होते, आणि आजूबाजूचं पाणी त्या पोकळीत धावत जाऊन पुढच्या एल्बोवर आदळतं. आमच्याकडे त्या वर्षी सांगलीहून आई आली होती. पहिल्या थंडीत पहाटे पावणेपाचला ती जिना उतरून खाली आली. "अरे, खालून कोण ठोकतंय? दार उघड की."

ठोका कधी येतो, यावरून काही कळतं का?

बरंच कळतं. कागद-पेन घेऊन बेसमेंटमध्ये एक पूर्ण फेरी बसा, बर्नर पेटल्यापासून बंद होईपर्यंत. पेटल्यावर वाफ पाइपात शिरताक्षणी ठोका आला तर कुठेतरी आधीचं पाणी साचून राहिलंय, म्हणजे ढाळ बिघडलाय. दहा-पंधरा मिनिटांनी, सगळं तापल्यावर आला, तर बॉयलर पाणी वर फेकतोय किंवा परतीच्या पाइपात वाफ घुसतेय. प्लंबरला "आवाज येतो" एवढंच सांगू नका. "पेटल्यापासून बाराव्या मिनिटाला, जिन्याखालच्या कोपऱ्यात" असं सांगा. दोन्हीच्या बिलात फरक पडतो.

काचेच्या नळीतलं पाणी सारखं वरखाली नाचतं. हे ठीक आहे का?

थोडं हलणारच, अर्धा-पाऊण इंच. पण पाणी काचेच्या तळापर्यंत जाऊन पुन्हा उसळत असेल, किंवा पाण्याच्या वरची काच आतून सतत ओली, थेंबाळलेली असेल, तर पाण्यावर तेल आहे.

नव्या लोखंडी पाइपांना आटे पाडताना कापायचं तेल लागतं, आणि बॉयलरच्या आतही कारखान्यातलं तेल उरलेलं असतं. ते सगळं वाहत येऊन पाण्यावर तवंग धरतं. तवंगाखालून वाफेला सुटता येत नाही, मग ती पाण्यासकट उसळी मारते. कुकरमधली डाळ उतू जाऊ नये म्हणून आपण तेलाचा थेंब टाकतो. इथे नेमकं उलटं, तेलच पाणी उतवतं.

यावर उपाय एकच, स्किमिंग. म्हणजे साय काढल्यासारखा तवंग काढणं. खालचा नळ सोडून बॉयलर रिकामा केला तर तेल जात नाही, पाणी उतरतं तसं ते आतल्या भिंतींना चिकटत खाली येतं आणि नवं पाणी भरलं की पुन्हा वर. बॉयलरच्या बाजूला पाण्याच्या पातळीजवळ बूच मारलेलं एक भोक असतं, तिथे पाइप जोडायचा. पाणी चांगलं गरम करायचं, पण वाफ धरू द्यायची नाही. मग बर्नर बंद करून पाण्याचा नळ इतका हळू सोडायचा की त्या पाइपातून पेन्सिलीएवढी धार बादलीत पडत राहील. घाई केली की तवंग फुटून पाण्यात मिसळतो आणि मेहनत वाया. तीन-चार तास सहज जातात. माझ्या पहिल्या बादलीवर इंद्रधनुष्य तरंगत होतं आणि वास गॅरेजसारखा होता.

बसवायच्या दिवशी प्लंबरने स्किमिंग केलं असेल तरी दोन आठवड्यांनी पुन्हा करावं लागतं, कारण वरच्या पाइपांतलं तेल चार-सहा वेळा वाफ फिरल्याशिवाय खाली येत नाही. हे काम कंटाळवाणं असतं, म्हणून टाळलं जातं. अंदाजपंचे रसायनं ओतून मात्र हे सुटत नाही. प्रमाण चुकलं तर पाणी आणखीच फेसाळतं.

बॉयलरलगतची जोडणी बरोबर आहे की नाही, हे मला प्लंबर नसताना तपासता येईल का?

येईल. बॉयलरबरोबर आलेलं मॅन्युअल काढा. त्यात जोडणीचं चित्र आणि पाइपांची कमीत कमी मापं दिलेली असतात. ती शिफारस नव्हे, अट आहे. मग चित्र हातात धरून वाफेच्या वाटेने चाला.

बॉयलरमधून वर निघणारा उभा पाइप म्हणजे रायझर. तो वर जाऊन एका जाड आडव्या पाइपाला मिळतो, तो हेडर. हेडर काचेतल्या पाण्याच्या रेषेपासून निदान २४ इंच उंच हवा. वाफेबरोबर उडालेलं पाणी तेवढ्या चढावर दमतं. हेडर जाड असावा लागतो तो याचसाठी: जागा वाढली की वाफेचा वेग उतरतो आणि पाणी तळाशी बसतं.

आता क्रम बघा, चूक बहुतेकदा इथेच असते. आधी बॉयलरचे रायझर, मग घराकडे वर जाणारे पाइप, आणि अगदी शेवटी खाली उतरणारा इक्वलायझर. वाफ वर वळते, पाणी सरळ पुढे जाऊन इक्वलायझरमधून बॉयलरमध्ये परततं. घराकडे जाणारा पाइप दोन रायझरांच्या मधोमध काढला असेल तर दोन्हीकडून आलेली वाफ समोरासमोर धडकते आणि पाण्याला घेऊन वरच जाते. तसंच एकाच टी-सांध्यात, म्हणजे T आकाराच्या तीन तोंडी सांध्यात, खालून वाफ आणून डावी-उजवीकडे घराला वाटली असेल तरी तोच घोळ. प्लंबर या जोडणीला 'बुलहेड टी' म्हणतात. ती दिसली की पुढचं काही तपासायच्या आधी फोन लावा.

हेडर जिथे बारीक होतो तिथेही नजर टाका. दोन्हीकडून सारखा निमुळता होणारा रिड्यूसर आडवा लावला असेल तर त्याच्या मागे तळाशी पाण्याचं डबकं कायम राहतं. माप कमी करायचं ते खाली वळणाऱ्या एल्बोवर.

प्लंबरने लोखंडाऐवजी तांब्याचे पाइप वापरलेत. दिसायला छान आहेत.

छान दिसतात हे खरं. पण तांबं तापल्यावर लोखंडाच्या साधारण दीडपट फुगतं. रोज तापणं-निवणं, आणि सांधे डाग देऊन जोडलेले. आटे असलेल्या लोखंडी सांध्याला थोडं वळायला वाव असतो, डागलेल्या सांध्याला नसतो. काही वर्षांनी तो गळायला लागतो, किंवा सगळा ताण ओतीव बॉयलरवर येतो. जर्सी सिटीतल्या एका मित्राकडे तांब्याचा हेडर होता, तोही सव्वा इंची, मॅन्युअलमध्ये अडीच इंची असताना. चौथ्या हिवाळ्यात तीन सांध्यांवर हिरवे ओघळ. सगळं उतरवून लोखंडात पुन्हा करावं लागलं. जमिनीजवळच्या परतीच्या पाइपाला तांबं चालतं, तिथे वाफ नसते. पाण्याच्या रेषेच्या वर नको.

हार्टफर्ड लूप म्हणजे काय, आणि माझ्याकडे तो हवाच का?

परतीचं पाणी थेट बॉयलरच्या तळाला न जोडता, पाण्याच्या रेषेच्या जरा खाली, साधारण दोन ते चार इंच, इक्वलायझरला जोडायचं. झालं. परतीचा पाइप कुठे फुटला तरी बॉयलरमधलं पाणी त्या सांध्याच्या खाली जात नाही, आणि कोरडा बॉयलर तापण्याचा धोका कमी होतो. बॉयलरांचा विमा उतरवणाऱ्या हार्टफर्ड स्टीम बॉयलर इन्स्पेक्शन अँड इन्शुरन्स कंपनीने १९१९ मध्ये याचा आग्रह धरायला सुरुवात केली. नाव तिथून पडलं.

या सांध्यावर निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपाचा तुकडा, शक्य तितका आखूड हवा. तिथे लांब तुकडा बसवला आणि पाण्याची पातळी थोडी उतरली की वाफ त्या आडव्या नळीत शिरून ठोके देते. चार इंचाच्या निपलसाठी आख्खं घर जागं होतं.

जोडणी चित्राप्रमाणेच आहे, तेलही काढलं. तरी ठोके आहेत. आता?

आमच्या घराचं हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर.

नव्या बॉयलरची उंची कमी असते, त्यामुळे पाण्याची रेषाही खाली येते. जुन्या बॉयलरच्या वेळी जो परतीचा पाइप कायम पाण्यात बुडलेला असायचा, तो आता उघडा पडतो. आमच्या बेसमेंटमध्ये दोन मुख्य पाइप दोन दिशांना जातात. दोघांचं परतीचं पाणी मागच्या भिंतीजवळ, जमिनीपासून साधारण २६ इंचांवर, एका टीमध्ये एकत्र व्हायचं. जुन्या बॉयलरची रेषा त्याच्या वर होती. नव्याची रेषा भरली २२ इंच. म्हणजे ती टी आता पाण्याच्या चार इंच वर. आखूड पाइपातली वाफ आधी पोचायची, टीमधून उलटी दुसऱ्या पाइपात शिरायची आणि तिकडून येणाऱ्या गार पाण्याला भेटायची. बाराव्या मिनिटाला धडाड.

हे शोधायला दोन माणसांनी दोन वेळा बॉयलर तपासला. शेवटी मी पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी करतात तशी, काचेतली रेषा मागच्या भिंतीवर नेली आणि पेन्सिलीने खूण केली. टी खुणेच्या वर. दोन्ही परतीचे पाइप वेगवेगळे खाली आणून नव्या रेषेच्या खाली जोडले, दुपारभराचं काम. त्या रात्री आई म्हणाली, "आज बंद ठेवलायस का रे?"

दुसरा मार्ग म्हणजे बॉयलर ब्लॉकवर उचलून रेषा वर आणणं. हे बसवायच्या आधी केलं तर सोपं. मात्र रेषा किती उचलायची यालाही सीमा आहे: एक-पाइप घरात पाण्याची रेषा आणि मुख्य पाइपाचं सगळ्यात खालचं टोक यांत निदान २८ इंच राहायला हवेत, नाहीतर पाण्याला परत ढकलायला पुरेसा भार उरत नाही.

एकाच रेडिएटरमध्ये ठोके येतात, बाकी ठीक.

त्याचा व्हॉल्व अर्धवट उघडा असेल. एक-पाइप रेडिएटरचा व्हॉल्व पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधलं काही नाही. "खोली जास्त तापते म्हणून थोडा कमी केला" हे पाहुण्यांचं आवडतं काम. वाफ आत जाते, पाण्याला बाहेर यायला जागा मिळत नाही.

व्हॉल्व ठीक असेल तर रेडिएटरवर लेव्हल ठेवा. व्हॉल्वच्या बाजूला किंचित ढाळ हवा. शंभर वर्षांची लाकडी जमीन खचते. समोरच्या पायांखाली दोन-दोन क्वार्टरची नाणी सरकवली तरी काम भागतं.

मुख्य पाइपांचा ढाळही असाच बघायचा. वाफ आणि पाणी एकाच दिशेने जात असतील तर २० फुटांना १ इंच. पाणी वाफेच्या विरुद्ध दिशेने परतत असेल तर १० फुटांना १ इंच. मध्येच एखादा टांगता पट्टा सुटून पाइपाला पोट आलं असेल तर तिथे पाणी साचणारच.

वरच्या मजल्यावरचे रेडिएटर गारच राहतात. दाब वाढवू का?

नको. हा हात आवरा.

पाइपात आधी हवा असते, ती बाहेर पडल्याशिवाय वाफ पुढे सरकत नाही. २ इंची पाइपाच्या ४० फुटांत साधारण एक घनफूट हवा मावते. ती सोडायला मुख्य पाइपाच्या शेवटी मोठी व्हेंट हवी. ती नसेल, किंवा जुनी गंजून बंद पडली असेल, तर सगळी हवा रेडिएटरांच्या चिमुकल्या व्हेंटमधून बाहेर पडायला बघते आणि लांबच्या खोलीची पाळी येईपर्यंत थर्मोस्टॅट बंद होतो. आधी मुख्य व्हेंट मोठ्या करा, रेडिएटरच्या व्हेंट नंतर. त्या बसवताना शेवटच्या एल्बोला खेटून नकोत. जरा मागे आणि सहा इंच वर, म्हणजे पाण्याचा धक्का त्यांना बसत नाही.

दाबाचं म्हणाल तर प्रेशरट्रॉल, म्हणजे दाब बघून बर्नर चालू-बंद करणारं बटण, ०.५ पीएसआयला (चौरस इंचाला अर्धा पौंड दाब) पेटवून १.५ च्या आसपास बंद करणारा ठेवा. आपला कुकर शिट्टी देतो तेव्हा आत सुमारे १५ पीएसआय असतं, त्याच्या दहाव्या हिश्शावर आख्खं घर तापतं. दाब वाढवल्याने वाफ लवकर पोचत नाही, गॅस मात्र जास्त जातो. दोन-पाइप घरात तर दर १ पीएसआयला परतीचं पाणी सुमारे २८ इंच वर चढतं.

प्रेशरट्रॉलखालची डुकराच्या शेपटीसारखी वळलेली नळी दरवर्षी साफ करून घ्या. ती गाळाने बुजली की त्याला दाब कळतच नाही. आणि बॉयलरवरचं ० ते ३० चं गेज नियमाला लागतं, तुमच्या उपयोगाचं नाही. दीड पीएसआय त्यावर काट्याच्या जाडीएवढं दिसतं. शेजारी ० ते ३ चं एक लावून घ्या.

पाणी सारखं भरावं लागतं. किंवा उलट, बॉयलर आपोआप तुडुंब भरतो.

तुडुंब भरण्याचं कारण गमतीशीर आहे. बॉयलर वाफ करताना पाणी वर जातं, काचेतली पातळी उतरते. परतीचा पाइप गाळाने अर्धा बुजला असेल तर ते पाणी उशिरा येतं. तोवर ऑटोमॅटिक फीडर घाबरून नवं पाणी सोडतो. मग जुनं पाणीही पोचतं आणि पातळी काचेच्या वर. नव्या बॉयलरबरोबर जमिनीजवळचे जुने परतीचे पाइप बदलावेत ते यासाठी. आमचा काढलेला तुकडा उभा आपटला तेव्हा आतून ओल्या विटेच्या चुऱ्यासारखा तांबडा गाळ निघाला.

पाणी कमी होत असेल तर बॉयलर गार असताना काचेवर मार्करने रेघ मारा, तारीख लिहा. आठवड्यात अगदी थोडं उतरणं चालतं. दर दोन दिवसांनी भरावं लागत असेल तर कुठेतरी गळतंय, आणि परतीचा पाइप काँक्रीटखाली पुरलेला असेल तर पहिला संशय त्याच्यावर. दुर्लक्ष करू नका, ताज्या पाण्यातला ऑक्सिजन नव्या बॉयलरला काही वर्षांत आतून खातो. नवं पाणी घातलं की बर्नर लावून उकळी येऊ द्या, म्हणजे तो ऑक्सिजन निघून जातो.

पाइपांवरचं जुनं पांढरं आवरण काढून टाकलं. त्याचा काही संबंध?

आहे. उघड्या पाइपात वाफेचं पाणी वाटेतच होतं, वर पोचते कमी आणि खाली साचतं जास्त. एक इंच जाडीचं फायबरग्लास चढवा. आवरण अजून जागेवर असेल आणि पुठ्ठ्यासारखं नळीदार दिसत असेल तर ते ॲस्बेस्टस असण्याची दाट शक्यता आहे. हात लावू नका, झाडूही नको. परवानाधारक माणसाकडून काढून घ्या.

बॉयलर गरजेपेक्षा मोठा तर नाही ना?

घराचं क्षेत्रफळ विचारून बॉयलर सुचवला असेल तर शंका घ्या. वाफेचा बॉयलर रेडिएटर मोजून ठरवतात. प्रत्येक रेडिएटरची ताकद 'चौरस फूट ईडीआर' या रेडिएटरच्या मापात येते आणि एक चौरस फूट म्हणजे ताशी २४० बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं एकक). सगळे मिळून ३०० भरले तर ७२,०००. बॉयलरच्या पाटीवरचा चौरस फुटांचा आकडा याच्या जवळ हवा. पाइप तापवायचं मार्जिन त्यात धरलेलं असतं, त्यावर आणखी चढवायचं नाही. खूप मोठा असेल तर तो दर थोड्या मिनिटांनी दाबाने बंद-चालू होत राहतो.

प्लंबर म्हणतो, "स्टीम असंच असतं, आवाज होणारच."

नीट जोडलेल्या वाफेच्या घरात फक्त व्हेंटची हलकी फुस ऐकू येते. वाद घालू नका. मॅन्युअलचं पान आणि तुमच्या हेडरचा फोटो शेजारी-शेजारी ठेवून विचारा, "यातलं कोणतं तुम्ही केलंय?" जोडणी चित्राबाहेर असेल तर वॉरंटीही अडचणीत येऊ शकते, हे त्यालाही ठाऊक असतं. शक्य असेल तर शेवटचा हप्ता पहिल्या कडक थंडीनंतर द्यायचं आधीच ठरवा.

काचेत पाणीच दिसत नाही. भरू का?

बॉयलर तापलेला असेल तर अजिबात नाही. लालबुंद लोखंडावर गार पाणी पडलं तर तडा जातो, स्फोटही होऊ शकतो. स्विच बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, मग माणूस बोलवा. पाणी संपल्यावर बर्नर आपोआप बंद करणारं उपकरण तरंगत्या बोयाचं असेल तर हिवाळाभर दर आठवड्याला त्याच्या नळातून बादलीभर गढूळ पाणी सोडायचं, नाहीतर बोया गाळात रुततो.

उन्हाळ्यात पाणी काढून ठेवायचं का?

नाही. ओलं रिकामं लोखंड भरलेल्यापेक्षा लवकर गंजतं. नेहमीच्या पातळीला पाणी राहू द्या, आणि ऑक्टोबरात पहिल्यांदा पेटवाल तेव्हा तासभर घरी थांबा.